प्रतिजैविके, चिकणमाती आणि खाणीवरची लाल माती : खनिजे पाण्यातील औषधे कशी धरून ठेवतात?

रसशाळा (फोंडा)

खाणपट्ट्यातील डंपांचे, म्हणजे खणून बाजूला टाकलेल्या मातीच्या ढिगांचे, पुढे काय करावे, या विषयावर येथे झालेल्या चर्चेत एका सदस्याने विचारले होते की, लोहखनिज काढून घेतल्यावर उरलेली लाल माती दूषित पाण्यातील औषधे शोषून घेण्यासाठी वापरता येईल का. त्या गदारोळात प्रश्न मागे पडला. परंतु तो स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे, म्हणून हा प्रपंच.

पोटात गेलेले प्रतिजैविक सगळेच्या सगळे शरीरात खर्ची पडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीतील सुमारे ४० ते ५० टक्के औषध मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. रुग्णालयांचे सांडपाणी, घरोघरच्या सेप्टिक टाक्या, कुक्कुटपालन आणि औषधनिर्मिती या वाटांनी ते पुढे ओढ्या-नद्यांपर्यंत पोहोचते. हे प्रमाण कोठवर जाऊ शकते, ते हैदराबादजवळील पाटणचेरू येथील पाण्यावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी घेणाऱ्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले होते, म्हणजे औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही अधिक. जिवाणूंमध्ये प्रतिरोध बळावू नये म्हणून संशोधकांनी याच औषधासाठी सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. दोन्ही आकड्यांत जवळपास पाच लाख पटींचे अंतर पडते.

आता खनिजांकडे वळू. अधिशोषण म्हणजे पाण्यातील रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरला जाणे. चिकणमातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाचे पापुद्रे असतात आणि प्रत्येक पापुद्र्यात सिलिकेच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनाचा एक थर दाबलेला असतो. स्फटिक घडतानाच काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसते. तीन धनभारांच्या जागी दोनच आल्यामुळे पापुद्र्यावर कायमचा ऋणभार राहतो, आणि त्याची भरपाई करण्यासाठी पापुद्र्यांच्या मधल्या जागेत सोडियम, कॅल्शियम यांचे धनायन वस्तीला येतात. धनभारित औषधाचा रेणू जवळ आला की तो या धनायनांना हुसकावून त्यांची जागा घेतो. असे झाल्यावर पापुद्र्यांमधील अंतर वाढते, आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने ते मोजताही येते. औषध केवळ बाहेर चिकटले नसून आत शिरले आहे, याचा तो सरळ पुरावा होय.

क्षमतेचा हिशेब कागदावरही मांडता येतो. चांगल्या माँटमोरिलोनाइटची धनायन विनिमय क्षमता, म्हणजे अदलाबदलीने किती धनभार धरता येतो त्याचे माप, १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिसममूल्य (एकभारी आयनासाठी तितकेच मिलिमोल) इतकी असते. ती १०० धरली, तर एका ग्रॅमवर एक मिलिमोल एकभारी औषध बसावे. सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणुभार ३३१ आहे, म्हणजे ग्रॅमला सुमारे ३३० मिलिग्रॅम. केओलिनाइट या चिकणमातीतील दुसऱ्या खनिजाची हीच क्षमता १०० ग्रॅमला ३ ते १५ असते आणि त्याचे पापुद्रे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असल्याने मधली जागा औषधाला खुली होत नाही. दोन्ही मातीच, परंतु कुवतीत साधारण सात ते तीस पटींचा फरक.

मात्र औषधावर धनभार असेल तरच हे सारे जुळून येते, आणि तो भार पाण्याच्या सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते दाखवणाऱ्या pH या अंकावर, अवलंबून असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन साधारण ६ सामूच्या खाली धनभारित असते, ६.१ ते ८.७ या पट्ट्यात त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण असे दोन्ही भार असतात. त्यापुढे ते ऋणभारित होते. टेट्रासायक्लिन ३.३ च्या खाली धनभारित आणि ३.३ ते ७.७ मध्ये द्विभारी असते. सल्फा गटातील सल्फामेथोक्साझोल मात्र ५.७ च्या वर ऋणभारित होते, म्हणजे सामान्य सांडपाण्यात चिकणमाती त्याला दूरच लोटते. त्यामुळे ‘माती प्रतिजैविके शोषते’ हे विधान औषधाचे नाव घेतल्याविना अर्धेमुर्धेच राहते.

जाणकारांनी आपल्याकडील मातीविषयी लिहावे.

जांभा_चिरा (सांगे)

धागा उत्तम आहे. गोव्याच्या बाजूने काही भर घालतो. माझा विषय भूशास्त्र आहे.

आपल्या पठारांवरचा जांभा, म्हणजे ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो तो दगड, आणि खाणीवरचे डंप यांत माँटमोरिलोनाइट शोधत बसण्यात अर्थ नाही. लाखो वर्षांच्या मुसळधार पावसाने मूळ खडकातील सिलिका आणि विरघळणारी मूलद्रव्ये धुऊन नेली आहेत. मागे उरले ते गोएथाइट व हेमॅटाइट ही लोहाची खनिजे, ॲल्युमिनियमचे गिब्साइट आणि केओलिनाइट. पापुद्र्यांत औषध साठवणारे खनिज हवे असेल, तर बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइटची बनलेली माती, कच्छ किंवा बाडमेरहून आणावे लागेल. डिचोलीचे कुंभार वापरतात ती माती घडणीला उत्तम आहे, पण या कामासाठी ती बेंटोनाइटच्या जवळपासही पोहोचणार नाही.

तरीही लोहाची ऑक्साइडे निकामी ठरत नाहीत, कारण त्यांची धरण्याची रीत निराळी आहे. गोएथाइटच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचा सामू साधारण ७.५ ते ९ च्या खाली असेल तर हे गट जादा प्रोटॉन घेतात आणि पृष्ठभाग धनभारित होतो. त्यावर गेला की तो ऋणभारित होतो. आपल्या जांभ्यातील विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते, म्हणजे अशा पाण्यात हा पृष्ठभाग धनभारितच राहणार. मग धनभारित सिप्रोफ्लॉक्सासिन त्याला चिकटावे कसे? चिकटते, कारण त्या रेणूतील कार्बोक्सिल गट आणि त्याच्या शेजारचा कीटो गट मिळून पृष्ठभागावरील लोहाच्या अणूशी थेट बंध बांधतात. हा रासायनिक बंध विद्युतभारांच्या ओढाताणीपेक्षा बळकट असतो, म्हणून सामू आम्लतेकडून उदासीनतेकडे सरकताना हे अधिशोषण वाढते आणि ६ ते ७ च्या आसपास सर्वाधिक होते. टेट्रासायक्लिनही असाच बंध बांधते. सल्फामेथोक्साझोल ऋणभारित असल्याने धनभारित गोएथाइटकडे आकर्षिले जावे, असे प्रथमदर्शनी वाटते; परंतु लोहाला धरण्याजोगी जोडगट रचना त्याच्यात नसल्यामुळे पकड दुबळीच राहते.

खरी अडचण फॉस्फेटची आहे. सांडपाण्यात मैल्यातून आणि धुण्याच्या पावडरींतून आलेले फॉस्फेट लिटरला काही मिलिग्रॅम असते, तर प्रतिजैविक फार तर काही मायक्रोग्रॅम. गोएथाइटवरील ज्या जागांवर औषध बसणार, त्याच जागांवर फॉस्फेटचा डोळा असतो आणि तो हजार पटींनी संख्येने अधिक आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात औषध घालून केलेल्या प्रयोगांचे दिमाखदार आकडे नाल्यावर आल्यावर मावळतात, त्याचे हे पहिले कारण. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य हे दुसरे.

औषधवाली (म्हापसा)

जांभा_चिरा यांनी सांगितलेला लोहाशी बंध आम्ही औषधांच्या दुकानात रोज पाहतो, फक्त त्याला निराळ्या कारणाने भितो. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन देताना आम्ही बजावतो की, गोळी दुधासोबत घेऊ नये आणि लोहाच्या गोळ्या व आम्लपित्तावरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधे यांच्यापासून काही तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम यांच्याशी औषध बांधले गेले की ते आतड्यातून रक्तात जात नाही. रुग्णाच्या पोटात जो दोष, तोच नाल्याच्या तोंडाशी गुण ठरतो.

ॲमॉक्सिसिलिन आपल्याकडे भरपूर खपते. त्याच्याविषयी कोणीच लिहिले नाही.

रसशाळा (फोंडा)

ताई, ॲमॉक्सिसिलिनचे बीटा-लॅक्टम वलय पाण्यात आपोआप फुटते आणि जिवाणूंची विकरेही ते फोडतात. त्यामुळे वापर प्रचंड असूनही ते पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनइतके टिकून राहत नाही. खनिजांच्या चर्चेत फ्लुओरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिन ज्यात येते तो गट) आणि टेट्रासायक्लिन गटांचाच उल्लेख वारंवार येतो, कारण ते टिकाऊही आहेत आणि मातीला धरूनही राहतात.

म्हादईकाठ (सत्तरी)

माझ्या घराच्या मागच्या बाजूला डंप आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि या सगळ्या काळात तो डंप दर पावसाळ्यात थोडाथोडा ओहोळात उतरत आला आहे. शेतात गाळ येतो, बागायतीत गाळ येतो. तीच माती एखाद्या रुग्णालयाच्या सांडपाण्यासाठी वापरता आली तर दोन दुखण्यांवर एकच औषध होईल. बेंटोनाइट श्रेष्ठ असेल, पण ते हजार किलोमीटरवरून विकत आणावे लागते. येथे माल फुकट पडून आहे. तो थोडा कमी शोषत असेल तर थोडा जास्त वापरावा, असे सरळ गणित मला दिसते. त्यात चूक कोठे आहे?

निवृत्त_अभियंता (पर्वरी)

गणितात चूक नाही, म्हादईकाठबाब, परंतु ते शेवटपर्यंत करून पाहावे लागते. माझी उमर पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, म्हणून मी ते लिटर आणि किलोच्या भाषेत मांडतो.

मागे रसशाळा यांनी दिलेला ग्रॅमला ३३० मिलिग्रॅम हा आकडा मातीचा कण न कण औषधाने भरून गेल्यावरचा आहे. तो वापरून हिशेब केला तर हास्यास्पद उत्तर येते. समजा, एका रुग्णालयाचे दिवसाला १०० घनमीटर सांडपाणी आहे आणि त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दिवसाला एकूण २ ग्रॅम औषध, आणि ते धरायला ६ ग्रॅम बेंटोनाइट पुरे! प्रत्यक्षात पाणी इतके विरळ असताना माती कधीच भरत नाही. त्या वेळी विचारायचा प्रश्न असा की, समतोल साधल्यावर औषधाचा किती वाटा मातीवर आणि किती पाण्यात राहील. हे प्रमाण वितरण गुणांकाने मोजतात.

साध्या मातींसाठी फ्लुओरोक्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन गटांचा हा गुणांक काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असतो; एकक किलोला लिटर. तो १,००० धरू. लिटरला एक ग्रॅम माती घातली तर निम्मे औषध मातीवर आणि निम्मे पाण्यात राहते. आपल्या १०० घनमीटरांसाठी ती माती दिवसाला १०० किलो झाली. नव्वद टक्के औषध काढायचे तर लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ९०० किलो. वर्षाला तीनशे टनांच्या वर ओला, मैला लागलेला, औषध धरलेला चिखल. याउलट गुणांक १०,००० असलेले खनिज घेतले, तर लिटरला एका ग्रॅमात नव्वद टक्क्यांचे काम उरकते. ‘थोडा जास्त वापरावा’ यातील ‘थोडा’ असा नऊ पट होतो, आणि भाड्याचा खर्च माती आणताना वाचला तरी चिखल उचलताना भरावा लागतो.

सल्फा गटासाठी साध्या मातीचा गुणांक बहुधा १ ते ५ असतो. तो १ धरला तर लिटरला एक ग्रॅम मातीने हजारातला एक भाग निघतो. तेथे माती घालणे आणि न घालणे सारखेच.

हा हिशेब एकाच टाकीत माती ढवळण्याचा आहे. माती स्तंभात भरून पाणी त्यातून सोडले तर ती अधिक कसोशीने वापरली जाते, कारण आत येणाऱ्या तीव्र पाण्याची गाठ आधी जुन्या थराशी पडते आणि ताज्या थराला उरलेसुरलेच धरायचे असते. पण बारीक बेंटोनाइट स्तंभात भरणे म्हणजे नळाला बूच मारणे. ते पाण्यात फुगते आणि प्रवाह अडवते. ढवळून वापरले तर ते दिवसेंदिवस तरंगत राहते आणि तुरटी घालून बसवावे लागते. म्हणून त्याचे दाणे तरी करावे लागतात, किंवा वाळूबरोबर मिसळावे लागते. जांभ्याचा चुरा याबाबतीत सरस आहे. चाळून दोन-तीन मिलिमीटरचे दाणे घेतले तर पाणी निर्वेध वाहते.

मांडवीपार (बेती)

आमच्या विहिरीपासून शेजाऱ्यांची सेप्टिक टाकी फार दूर नाही. वरील चर्चा वाचून घरात सूचना आली की, मुलतानी माती विहिरीत टाकावी. ती चिकणमातीच ना? करावे का?

रसशाळा (फोंडा)

कृपया करू नये. मुलतानी मातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे असतात हे खरे, परंतु विहिरीत घातलेली माती तळाशी बसेल, औषध धरलेच तर ते तेथेच राहील, आणि नवे पाणी झऱ्यांतून येतच राहील. पाणी गढूळ मात्र नक्की होईल, आणि गढूळ पाण्यावर क्लोरीनचा प्रभाव कमी पडतो. सेप्टिक टाकी विहिरीजवळ असेल तर पहिली भीती मैल्यातून येणाऱ्या जिवाणूंची आहे. पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्यावी, पाणी उकळून प्यावे आणि टाकीची गळती थांबवावी. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने त्यातून पाणी झपाट्याने वाट काढते. खनिजाला औषध धरायला जो वेळ लागतो तो अशा वाटेत मिळत नाही.

खाजनराखण (चोडण)

आतापर्यंतची चर्चा गोड्या पाण्याची झाली. आमच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये मांडवीला भरतीबरोबर खारे पाणी चढते आणि पावसाळ्यात तीच नदी जवळपास गोडी होते. खाजनातील, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीतील, गाळ हा बारीक चिकणाच असतो. नदीतून येणारी औषधे त्या गाळाने पावसाळ्यात धरली, तर उन्हाळ्यात खारे पाणी आल्यावर त्यांचे काय होते?

जांभा_चिरा (सांगे)

या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो.

समुद्राच्या पाण्यात सोडियम लिटरला सुमारे १०.८ ग्रॅम असते. शिवाय मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. आयन विनिमय दोन्ही दिशांनी चालतो. औषधाने ज्या धनायनांना हुसकावले, तेच धनायन कोट्यवधींच्या संख्येने परत आले तर औषधाचा काही भाग पुन्हा पाण्यात सुटतो. केवळ भाराच्या ओढीने धरलेला वाटा आधी सुटतो. लोहाशी थेट बंध बांधलेला वाटा बराच टिकून राहतो. खारे पाणी किंचित अल्कधर्मी, ८ सामूच्या आसपास असते, त्यामुळे औषधावरचा भारही बदलतो आणि तोही सुटण्याच्याच बाजूने.

दुसरी गोष्ट अशी की, गाळात बसलेले औषध संपलेले नसते. मातीला धरलेले टेट्रासायक्लिन जिवाणूंवर काही प्रमाणात परिणाम करीत राहते, असे प्रयोगांत दिसले आहे. मोकळ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन सूर्यप्रकाशाने फुटते; गाळाच्या अंधारात ते संरक्षण मिळाल्यासारखे टिकते. गाळात जिवाणूंची दाटी मोठी आणि प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देण्याची सोयही तेथेच. म्हणून निसर्गातील माती नदी आपोआप स्वच्छ करील, या भरवशावर राहणे मला मान्य नाही. खनिज वापरायचे ते नाल्याच्या तोंडाशी, बंदिस्त टाकीत, जेथून ते पुन्हा बाहेर काढता येईल.

म्हादईकाठ (सत्तरी)

मग बाहेर काढलेल्या मातीचे काय? माझ्या घरामागे आणखी एक डंप नको.

निवृत्त_अभियंता (पर्वरी)

प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक शोधनिबंध येथेच आटोपते घेतात.

मीठ किंवा आम्ल यांच्या द्रावणाने माती धुतली तर औषध सुटते, परंतु मग ते तीव्र द्रावण हातात उरते. भाजणे हा खात्रीचा मार्ग आहे. ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे औषधाचा सेंद्रिय रेणू जळून जातो. पण त्याच तापमानाला केओलिनाइटच्या रचनेतील पाणी निघून जाऊ लागते, गोएथाइट तर ३०० अंशांच्या आसपासच हेमॅटाइट होते, आणि माँटमोरिलोनाइट ६०० ते ७०० अंशांना कोलमडते. थोडक्यात, माती काही वेळा परत वापरता येते, कायम नाही. शेवटी सिमेंटच्या भट्टीचा पर्याय उरतो. तेथे कच्चा माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, औषधाचा मागमूस राहत नाही, आणि लोह, ॲल्युमिना, सिलिका ही सिमेंटला हवीच असतात. जांभा सिमेंट उद्योगात पूर्वीपासून वापरला जातो, म्हणून डंपातील मातीच्या बाजूने हा मुद्दा बेंटोनाइटपेक्षाही बळकट आहे.

औषधवाली (म्हापसा)

पण हे करायला कोणाला भाग पाडणार? जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे रुग्णालयाने द्रव कचऱ्यावर प्रक्रिया करायची असते, पण त्यात प्रतिजैविकाची मर्यादा नाही. औषध कारखान्यांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या मसुद्यात अशा मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या गाळल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकांसाठी मार्गदर्शिका काढली, ती बंधनकारक नाही. मोजण्याचीच सक्ती नसेल तर माती कोण घालणार?

रसशाळा (फोंडा)

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. त्याला रसायनशास्त्रात उत्तर नाही.

जाता जाता आपल्या दक्षिण भागाविषयी एक नोंद करतो. सांगे-केपे पट्ट्यात लोहाबरोबर मँगनीजचेही खनिज आहे. मँगनीज डायऑक्साइड औषध धरण्यावर थांबत नाही. ते फ्लुओरोक्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन यांचे ऑक्सिडीकरण करते, म्हणजे रेणूच बदलून टाकते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत हा हल्ला पिपराझिन वलयावर होतो. यात दोन खोट आहेत. जिवाणूंना मारणारा मुख्य गाभा, क्विनोलोनचा, तसाच राहतो, त्यामुळे उत्पादिते पूर्ण निरुपद्रवी मानता येत नाहीत. शिवाय अभिक्रियेत मँगनीज विरघळून पाण्यात उतरते, आणि भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. सांडपाण्यासाठी हे चालेल, विहिरीसाठी नाही.

म्हादईकाठबाबांच्या डंपाची चाचणी करायची असेल तर ती ऊर्ध्वपातित पाण्यात करू नये. रुग्णालयाच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे खरे पाणी घ्यावे, त्यातील फॉस्फेट आधी मोजावे, औषध मायक्रोग्रॅमच्या पातळीवर ठेवावे, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन यांच्या जोडीला सल्फामेथोक्साझोलही घ्यावे. मातीतून लोह, मँगनीज आणि इतर जड धातू किती सुटतात, ते त्याच नमुन्यात पाहावे.

म्हादईकाठ (सत्तरी)

डंपाच्या वरच्या भागातील माती घ्यायची की पायथ्याची? पायथ्याशी पावसाने वाहून आलेला बारीक गाळ साचला आहे.

जांभा_चिरा (सांगे)

दोन्ही घ्याव्यात, पण वेगवेगळ्या पिशव्यांत. बारीक गाळाला पृष्ठभाग अधिक असल्याने तो जास्त धरेल, आणि स्तंभात पाणीही तोच अडवील. वरचा भरड भाग याच्या उलट वागेल. चाळून ०.५ ते २ मिलिमीटरचा अंश वेगळा काढला तर अभियंतासाहेबांच्या स्तंभाला तो चालावा. माती सावलीत वाळवावी, उन्हात किंवा चुलीवर तापवू नये.